आडवी दांडी

"पन्हळीला नको टेकवूस शिडी, वाकेल ती. भिंतीला टेकव. आणि वर गेल्यावर आधी पाचोळा काढ. फवारा नंतर."

छपरावर चढता चढता लंबू ड्रायव्हर म्हणाला, "मामा, वणवा डोंगरापलीकडे येऊन बसलाय आणि तुम्ही मला झाडू मारायला लावताय."

"घर वणव्यानं नाही पेटत, पाचोळ्यानं पेटतं. एक ठिणगी उडत येते, पन्हळीत बसते, जरा विसावते आणि मग उठते. मार झाडू."

जीपच्या सावलीत उभी राहून मामांची लेक हे ऐकत होती. खांद्यावर बाळ झोपलं होतं, त्याच्या डोक्यावर तिनं ओला रुमाल धरला होता. नवरा बोटीवर नोकरीला, परत यायला अवकाश होता, म्हणून ती बाळाला घेऊन बाबांकडे राहायला आली होती. वस्तीच्या सगळ्यात वरच्या गल्लीत, शेवटच्या घरात. त्यापुढे रस्ता नव्हता, फक्त डोंगर आणि त्यावरचं वाळलेलं रान. आल्या दिवसापासून ती त्या रानाकडे बघत होती. बाबा म्हणायचे, "रान आहे ते, चालून येत नाही." आज ते चालून येत होतं.

बाबांना वस्तीत चावीमामा म्हणत. पाणीखात्यात ते नळ सोडणारे. खांद्याइतकी उंच लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, जमिनीतलं झाकण उघडायचं, एका गल्लीचं पाणी सोडायचं आणि दुसऱ्या गल्लीचं बंद करायचं. सगळं आयुष्य ह्यातच गेलं. सोडण्यापेक्षा बंद करण्यात त्यांचा जीव जास्त. ठिबकणारा नळ दिसला की त्यांना पुढे पाऊल टाकवत नसे. कुणाच्या मयताला गेले तरी आधी मोरीतला नळ आवळून यायचे आणि मग रडणाऱ्यांत बसायचे. लेकीची आई होती तोवर ती म्हणायची, "ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल अशी आशा ठेवू नका. वायसर नवा आहे."

निवृत्त होऊनही बाबांचं खात्यात जाणं-येणं होतंच. खात्यानं ट्रॉलीवरचा पंप, पाईपची भेंडोळी आणि छपरावर बसवायचे फवारे घेतले, तेव्हा इंजिनिअर मॅडमनी वरच्या गल्लीचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. मॅडम तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. पद्धत त्यांनी सगळ्यांना सकाळीच समजावली होती. "आपण आग विझवत नाही. आग यायच्या आधी घर ओलं करतो आणि निघून जातो. पंप तळ्याकाठी एकटा चालत राहील, इंधन संपेपर्यंत. छपरं, भिंती, अंगण सगळं भिजत राहील. ठिणगी पडली तरी ओल्यावर पडेल. मागे माणूस ठेवायचा नाही. एकही नाही."

तळ्यापासून निघालेला जाड पाईप गल्लीतून वर आला होता, आणि प्रत्येक फाटकाशी त्याला एक पितळी व्हॉल्व्ह जोडून घराकडे बारीक पाईप नेला होता. व्हॉल्व्हची दांडी पाईपच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. लेकीला हे अक्षरं गिरवायच्या आधीपासून माहीत होतं.

ज्या छपरावर लंबू झाडू मारत होता ते घर टाचणीमावशींचं होतं. बाबांच्या घराला लागूनच. मावशी शिवणकाम करत आणि बोलताना ओठांत टाचण्या धरत, त्यामुळे त्यांचं बोलणं टोचतं की टाचण्या, हे समोरच्याला कळत नसे. घरामागे त्यांची बाग होती. एका कडक उन्हाळ्यात त्या भरदुपारी बागेत पाईप सोडून झोपल्या, म्हणून बाबांनी त्यांचं कनेक्शन तोडलं होतं. फाटकावर आधी चार दिवस नोटीस लावून, रीतसर. गुलाब गेले, जाई गेली. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. बोलायचं असलं तरी मध्ये तिसरं माणूस लागायचं.

आज मात्र तिसरं माणूस छपरावर होतं. लोकांना खालच्या गावी न्यायला बस आली होती. मावशी पिशवी घेऊन फाटकात आल्या आणि त्यांनी पाईपकडे पाहिलं.

"काय हो, मी बागेला पाईप लावला तर नोटीस. आज तुम्हीच लावताय. आज नोटीस कुणाच्या फाटकावर?"

"बागेला नाही लावलेला. छपराला लावलाय."

"छपरावरचं पाणी खाली बागेतच पडणार ना? की तेही उचलून टाकीत नेणार?"

लंबू वरून हसला. बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो झाडू मारू लागला.

मावशी घुटमळल्या. मग आवाज जरा उतरवून म्हणाल्या, "मशीन न्यावं म्हणते. बसवाला नाही म्हणतोय, जागा नाही म्हणतो."

"कशाला नेता एवढं जड धूड? खिडक्या लावून घ्या. मशीनवर ताडपत्री टाका, पाणी लागायला नको. बाकी माझ्यावर."

"तुमच्यावर?" मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं तसं. "बरं. तुमच्यावर."

त्या आत गेल्या, खिडक्या लागल्याचे आवाज आले. मग त्या बाहेर आल्या आणि मागे न बघता बसकडे चालू लागल्या. बस भरली आणि गेली. गल्लीत खात्याची माणसं राहिली, आणि लेक. बाबांना सोडून ती बसमध्ये बसायला तयार नव्हती, आणि बाळाला घेऊन तिथे थांबायलाही तिचा जीव धजत नव्हता. मॅडमनी तिला सांगितलं होतं, जीपपासून हलायचं नाही. ती हलली नव्हती.

खाली तळ्याकाठी पंप सुरू झाला. आधी आवाज आला, मग गल्लीतला चपटा पाईप खालपासून वरपर्यंत फुगत गेला, रिकाम्या बाहीत हात घालावा तसा. एकेक फवारा खाकरला, थुंकला आणि गरगर फिरू लागला. उन्हाळ्याच्या रखरखीत दुपारी छपरांवरून पागोळ्या गळू लागल्या. बाळ जागं झालं आणि तोंड उघडं टाकून वर बघत राहिलं.

बाबाही बघत होते. इतकं पाणी कुणाच्याही तोंडी न लागता वाहून चाललंय, ही गोष्ट त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"वाईट वाटतंय का, मामा?" लंबूनं शिडी उचलताना विचारलं.

"घर पितंय ते. पिऊ दे." पण म्हणताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

एवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात वर केला. "वारा फिरला. निघू या सगळे. आत्ता."

माणसं जीपकडे आली. बाबा येता येता मावशींच्या फाटकाशी थांबले. व्हॉल्व्हच्या पुढच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. थेंब, मग थेंब. चहूकडे धो धो पाणी वाहत होतं, आख्खी गल्ली निथळत होती, आणि बाबा त्या थेंबापाशी थांबले. खिशातून त्यांनी पाना काढला.

लेक जीपमधून बघत होती. आकाशातून काहीतरी हलकं, करडं तरंगत आलं आणि बाळाच्या टोपीवर बसलं. तिनं फुंकर मारली, तशी ती राख विस्कटली. बाबांनी दांडी फिरवली. पान्यानं सांधा आवळला. रुमालानं पुसला. मग सांध्याखालून बोट फिरवून पाहिलं.

"बाबा, चला ना."

त्यांनी बोट तिला दाखवलं. कोरडं. आणि समाधानानं येऊन जीपमध्ये बसले.

"गॅस बंद केलात?" तिनं विचारलं.

"केला."

"मागचं दार?"

"लावलं."

"इस्त्री?"

"मी इस्त्रीचे कपडे कधी घातलेत?"

जीप वळणावर आली तेव्हा तिनं मागे पाहिलं. धुराआधी पाणीच दिसलं. छपराछपरावर पांढरे पंखे फिरत होते. मावशींचं घर झाडाआड गेलं होतं.

खालच्या गावातल्या शाळेच्या सभागृहात सगळ्यांची सोय केली होती. सतरंज्या, पाण्याचे पिंप, चहा. कुणी रडत नव्हतं. लोक बाजाराच्या दिवशी बोलतात तसे बोलत होते, फक्त जरा हळू, आणि अधूनमधून कुणीतरी उठून खिडकीपाशी जाऊन येत होतं. मावशी भिंतीशी बसून कुणाच्या तरी पिशवीचा तुटलेला बंद शिवत होत्या. इथेही ओठांत टाचण्या होत्याच.

लेकीनं बाळाला पाजलं, झोपवलं, पंख्याचा वारा थेट लागत नाही ना ते पाहिलं. मग सवयीप्रमाणे ती मनानं घरी गेली. कडी लावली, हो. गॅस, हो. दुधाचं पातेलं धुतलं, हो. तिची ही सवय बाबांना ठाऊक होती. कॉलेजात असतानासुद्धा कुलूप ओढून बघायला ती कोपऱ्यावरून परत यायची. मनातल्या मनात ती फाटकातून बाहेर आली, जीपमध्ये बसली, आणि तिला ते बोट दिसलं.

कोरडं बोट.

ते कोरडं कसं असेल? फवारा चालू असताना सगळंच ओलं होतं. ती पुन्हा मागे गेली. बाबांनी दांडी फिरवली. सांधा आवळला. पुसला. बोट लावलं. बोट दाखवलं. निघाले. ती पुन्हा मागे गेली. दांडी फिरवली, आवळला, पुसला, बोट. पुन्हा. दांडीवर परत गेलेला हात तिला कुठेच सापडेना.

तिनं समोर पाहिलं. बाबा चहा पीत होते. कप ओठाजवळ होता आणि उजवा हात अधांतरी. मनगट एकदा इकडे फिरलं, थांबलं. परत फिरलंच नाही. त्यांनी कप खाली ठेवला, अगदी हळू, सांडू नये म्हणून. मग उठून ते दाराशी उभ्या असलेल्या मॅडमकडे गेले.

ते काय बोलतायत हे लेकीला ऐकू येत नव्हतं. मॅडमची मान नकारार्थी हलताना दिसली. बाबा पुन्हा काही म्हणाले. मॅडमनी त्यांच्या दंडाला धरलं, खिडकीबाहेर बोट दाखवलं. डोंगराची कड लाल झाली होती.

बाबा परत आले आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसले.

"रस्ता बंद आहे. वर कुणीही नाही. मॅडम म्हणाल्या, बघायला जायचं नाव काढू नका."

"कशासाठी जायचंय?"

"मावशींचा व्हॉल्व्ह मी उघडलाच नाही बहुतेक. सांधा आवळायला बंद केला, तो तसाच राहिला." ते तिच्याकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. "जाऊन सांगतो त्यांना."

लेकीनं समोर पाहिलं. मावशी दोरा तोडत होत्या. आज सांगून काय होणार होतं? रस्ता बंद, अंगावर नेसती वस्त्रं, आणि रात्रभर त्या बाईनं ह्या सभागृहात बसून आपलं घर मनात जळताना बघायचं. आणि बाबांनी समोर बसून तिच्याकडे बघत राहायचं. शिवाय, कोण जाणे, वारा पुन्हा फिरेल. एवढा सगळा विचार तिनं नंतर केला. आधी ती बोलून गेली.

"उघडलात तुम्ही. मी बघत होते."

बाबांनी वर पाहिलं. "नक्की?"

"नक्की. आवळलात, मग दांडी सरळ केलीत, मग बोट लावलंत."

"मला का आठवत नाही मग?"

"हात करतो ते डोक्याला कुठे आठवतं? तुम्हीच म्हणता."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. "तू बघितलंस म्हणजे झालं. तू तर लावलेली कडीसुद्धा दहादा बघतेस." उशाला पिशवी घेऊन ते आडवे झाले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. त्यांचं घोरणं ऐकत ती बसून राहिली. बाळ मध्ये उठलं तेव्हा तिला बरं वाटलं, काहीतरी करायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर वर जायची परवानगी मिळाली. आधी खात्याची जीप, मागून बस. बाळाला तिथल्या एका बाईंजवळ ठेवता आलं असतं, पण तिला ते सोडवेना. तिनं त्याला पदराखाली धरलं आणि जीपमध्ये बसली.

डोंगर काळा होता, इस्त्रीनं जाळलेल्या कापडासारखा. झाडांचे खुंट अजून धुमसत होते. आणि त्या सगळ्या काळ्यात वरची गल्ली उभी होती, तिच्या अंगणांच्या हिरव्या तुकड्यांसकट. इंधन संपून पंप नुकताच थांबला होता, तरी छपरांवरून पागोळ्या चालूच होत्या. दवाखाना उभा होता. किराणा दुकान उभं होतं. बाबांचं घर उभं होतं. त्याच्या अलीकडे मात्र नुसतं आकाश होतं.

लंबूनं जीपचं इंजिन बंद केलं.

बाबा खालच्या फाटकापासून चालत आले. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून ते दांडीला हात लावत होते. सरळ. सरळ. सरळ. लेक त्यांच्या मागून चालत होती. तिला वाटत होतं हाक मारून थांबवावं, आणि कशासाठी थांबवावं हे तिला कळत नव्हतं.

मावशींच्या फाटकाचा एक खांब उरला होता. बारीक पाईप वितळून जमिनीला चिकटला होता. तुळ्या खाली आल्या होत्या, आणि त्यांच्यामधून मशीनचं लोखंडी शिर वर आलं होतं, तांबूस पडलेलं. ताडपत्रीचा मागमूस नव्हता. खांबाशी पितळी व्हॉल्व्ह तसाच पडला होता. धुरानं काळवंडलेला, पण शाबूत. दांडी आडवी होती.

मॅडम तिथे आधीच पोचल्या होत्या. त्यांनी व्हॉल्व्हकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, खालून बसमधून उतरून येणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग त्यांनी बुटाचं टोक दांडीला लावलं आणि ढकललं. दांडी कुरकुरली आणि पाईपच्या रेषेत आली.

"सांधा सुटला असेल, मामा," मॅडम हळू म्हणाल्या. "दाब वाढला की सुटतो. होतं असं."

बाबा खाली बसले. गुडघ्यांचा आवाज झाला. त्यांनी दांडी हातात धरून पुन्हा आडवी केली.

"राहू द्या, मॅडम. होती तशी असू द्या."

"कुणी विचारणार नाही हो."

"त्या विचारतील."

मॅडमनी पाय मागे घेतला. मग त्या तळ्याच्या दिशेनं निघून गेल्या.

लेक पुढे आली. "बाबा, मी काल—"

"कळलं ते आत्ता."

"तुम्हाला झोप लागावी म्हणून."

"लागली की." त्यांनी हात पँटला पुसले. ते रागावले असते तर तिला चाललं असतं.

"मी घाई केली नसती, हाक मारली नसती, तर..."

"तू हाक मारलीस तेव्हा मी बोट फिरवत होतो. उघडायचं त्याच्या आधी असतं. उघडायचं आणि मग बोट लावायचं, तर कळतं गळतंय का. बंद नळाचा सांधा कोरडाच असणार." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझी हाक ह्यात कुठे येत नाही. नीट लक्षात ठेव. नाहीतर उगाच आयुष्यभर उगाळत बसशील. तुझा स्वभाव आहे तसा."

माणसं वर पोचली होती. आपापल्या घराची भिंत चाचपून लोक परत गल्लीत येत होते, कारण स्वतःचं घर पाहून झाल्यावर बघण्यासारखं एकच होतं. कुजबुज सुरू झाली होती. सगळ्या गल्लीत नेमकं हिचंच? आणि शेजारी ह्याचं बघा, एक कौल हललं नाही. किराणा दुकानदार तर कुजबुजतही नव्हता, नेहमीच्या आवाजात बोलत होता.

मावशी शेवटी आल्या. खांबाशी थांबल्या. मशीन त्यांना लगेच दिसलं असणार, कारण बाकी कशाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

बाबा त्यांच्यासमोर गेले. मध्ये तिसरं माणूस नव्हतं. लेक दोन पावलं मागे उभी राहिली, बाळाला घट्ट धरून.

"मी बंद केला होता नळ," बाबा म्हणाले. "सांधा गळत होता. आवळायला म्हणून बंद केला, आणि उघडायचा राहिला. सांधा सुटला नाही, पंप बंद पडला नाही. तुमच्या छपरावर पाणी गेलंच नाही, थोडा वेळ गेलं तेवढंच."

मावशींच्या ओठांत आज टाचण्या नव्हत्या.

"मशीनही मीच म्हणालो, राहू दे."

दुकानदार पुढे सरकला. "राहिला कसा? तुमचा राहिला नाही ते? आम्हाला काय माहीत नाही का तुमचं दोघांचं? मुद्दाम..."

"गप रे," मावशी म्हणाल्या, मान न वळवता. "मुद्दाम करायचं असतं तर ह्यांनी आधी चार दिवस फाटकावर नोटीस लावली असती."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. दुकानदार मागे सरकला. मावशी आत गेल्या, म्हणजे पूर्वी जिथे आत होतं तिथे गेल्या. चपलेखाली काहीतरी फुटल्याचे आवाज येत राहिले. मशीनपाशी वाकून त्यांनी चाकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मागे जाऊन बागेच्या जागी थोडा वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या साडीचा काठ काळा झाला होता आणि डोळे मात्र कोरडे होते.

"एक थेंब गळत होता म्हणून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्या डोंगरावर पाणी ओतत होतात आणि एक थेंब बघवला नाही तुम्हाला."

"नाही बघवला."

मावशींनी मान हलवली. ती मान्य केल्याची होती की नाकारल्याची, हे लेकीला कळलं नाही. "आता मी राहू कुठे ते सांगा."

"माझ्याकडे. पुढची खोली रिकामी करून देतो."

"उजेड आहे का तिथे?"

"सकाळचा असतो."

"मला दुपारचा लागतो. नजर अधू झालीय, दोरा ओवता येत नाही."

"दुपारचा मागच्या खोलीत येतो. ती माझी आहे."

"मग?"

"मग काय. मी पुढे झोपेन. लेक आणि बाळ मधल्या खोलीत आहेत तसे राहतील."

मावशींनी लेकीकडे पाहिलं. बाळाकडे पाहिलं. "रात्री रडतं का हे?"

"रडतं," लेक म्हणाली. एकदा खोटं बोलून झालं होतं.

"असू दे." मावशी चालू लागल्या आणि बाबांच्या पायरीपाशी थांबल्या. "एक सांगून ठेवते. मी येतेय म्हणजे मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला जागा हवीय."

"नाही समजत," बाबा म्हणाले.

वळचणीखालच्या पागोळ्या चुकवत त्या आत शिरल्या.

दुपार झाली तेव्हा मागच्या खोलीतून बाबांची खाट बाहेर आली होती, ट्रंक आली होती, भिंतीवरचा लेकीच्या आईचा फोटोही आला होता. फोटो बाबांनी स्वतः काढला आणि पुढच्या खोलीत खुंटीला लावला. खाटेचे पाय इतकी वर्षं जिथे टेकले होते तिथे फरशीवर फिकट चौकोन उमटले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या चौकोनांच्या थोडं अलीकडे थांबलं होतं.

मावशी आत आल्या. त्यांनी कोपरे पाहिले, खिडकी उघडून बंद केली, ऊन कुठवर येतं ते पाहिलं. त्यांच्याजवळ टेप नव्हती. टेप जळाली होती, कात्री जळाली होती. त्या खाली बसल्या, आणि भिंतीपासून, खिडकीखालून, वितीनं फरशी मोजू लागल्या. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. ओठ हलत होते. मशीनला किती, कापड पसरायला किती, अंथरुणाला काय उरेल.

लेक बाळाला घेऊन मधल्या खोलीत उभी होती. तिला तिथून बाबा दिसत होते, दारात. मावशींची वीत सरकत सरकत दाराशी आली, तेव्हा तिला वाटलं आता बाबा बाजूला होतील. ते बाजूला झाले नाहीत. चौकटीला पाठ लावून ताठ उभे राहिले, हात अंगापासून थोडे दूर धरून, श्वास आवरून, शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहतात तसे. आणि मावशींनी वर न बघता त्यांच्या पावलांपर्यंतची फरशी मोजून घेतली.